आप्पांच्या खुर्चीचा पंचनामा

लातूरमध्ये माणसानं काहीही करावं, पण सरकारला आपण होऊन काही विचारायला जाऊ नये. मी गेलो, आणि तेही एका खुर्चीसाठी. खुर्ची म्हटलं की लोकांचे डोळे लगेच मुंबईकडं वळतात, म्हणून आधीच सांगतो, मी लाकडाच्या खुर्चीबद्दल बोलतोय. चार पायांच्या, बसायच्या.

ती आमच्या आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील, बसलिंगप्पा. खुर्ची घरात आली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, त्यामुळे मानानं ती मला थोरली, आणि घरात तिला वागणूकही तशीच होती. लहानपणी तिच्यावर उभं राहून मी फळीवरचा लाडवाचा डबा काढला होता. लाडवासाठी मला कोणी काही बोललं नाही. खुर्चीवर पाय दिला म्हणून मात्र मार बसला.

झालं असं की तिची विणलेली बैठक मधोमध झोळ धरून राहिली. आप्पा त्यात असे रुतायचे की समोरून फक्त गुडघे, पेपर आणि टोपी दिसायची. उठायचं म्हटलं की एका हाताला अव्वा, म्हणजे माझी आई दानम्मा, आणि दुसऱ्या हाताला मी. आप्पांचं हृदय थकलेलं होतं. आडवं झोपलं की दम लागायचा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीत जास्त बसूनच राहू द्या. आप्पांना बसण्याबद्दल कोणी सांगायची गरज नव्हती. सकाळचा चहा, पेपर, इष्टलिंगपूजेनंतरची डुलकी, दुपारचं ताक, संध्याकाळच्या बातम्या, सगळं तिथंच. अव्वा खाली, खुर्चीच्या पायाशी बसून भाजी निवडायची. ती स्वतः त्या खुर्चीत कधी बसली नाही. कोणी मनाई केली नव्हती, पण बसली नाही.

"बैठक नवी करून आणतो, आप्पा," मी म्हणालो.

"राहू दे की. मला काय तरास न्हाई."

आप्पांना कधीच कशाचा त्रास नसायचा. पाण्याची रेल्वे लातूरला आली त्या वर्षी आम्ही सगळे घागर घागर करत फिरत होतो, तेव्हाही ते म्हणाले होते, मला काय तहान न्हाई.

आता खुर्ची दुरुस्त करायची तर कुणाला विचारायचं? आमच्याकडं विचारावं लागत नाही. शेजारचे अमरनाथराव वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून गल्लीचे सल्लागार आहेत. ते म्हणाले, "नायलॉनची पट्टी मारून घ्या, हत्ती बसला तरी तुटत न्हाई." समोरच्या उज्वलाताई म्हणाल्या, फोम आणि रेक्झिन. मरून रंग. त्यांच्या वरच्या दोन्ही मजल्यांवर नीटची तयारी करणाऱ्या पोरी कॉट बेसिसवर राहतात, आणि त्यांच्या घरातलं सगळं रेक्झिन मरून आहे. आमचं घर मात्र एकमजली. सगळ्या गल्लीत आमचंच छप्पर उन्हाला पहिल्यांदा सापडतं. हे दुःख मी कुणाला सांगत नाही, पण पुढच्या गोष्टीत ते आहे.

शेवटी बाजा विणणारा एक माणूस घरी बोलावला. त्यानं खुर्ची उलटी केली, ब्लेड काढलं, आणि पहिली दोरी कापणार एवढ्यात पुण्याहून वर्षाराणीचा व्हिडिओ कॉल आला. वर्षाराणी म्हणजे आमची लेक, तिथं इंटिरियर डिझाइन शिकते. मी कौतुकानं मोबाइल खुर्चीकडं फिरवला, तर ती किंचाळली.

"पप्पा, हात लावू नका! त्यांना ब्लेड खाली ठेवायला सांगा!"

मग तिनं अर्धा तास मला त्या खुर्चीभोवती फिरवलं. पाठीचा दांडा दाखवा, हाताचा दाखवा, सांधा दाखवा. पाठीचा आणि हाताचा दांडा एकाच वळणात आलेला; सांधा डोळ्याला दिसतो, पण बोटाला लागत नाही. कुठं खिळा नाही, स्क्रू नाही. बैठकीखाली लाकडात डाग देऊन उठवलेला एक शिक्का होता. जन्मल्यापासून मी ती खुर्ची बघतोय, पण तिला खालून बघायचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

वर्षाराणीनं सांगितलं की ही डेन्मार्कच्या एका डिझायनरची खुर्ची आहे, एकोणीसशे पन्नासच्या आसपासची. त्याचं नावही सांगितलं. ते आमच्या घरात प्रत्येकानं आपापल्या सोयीनं म्हटलं, तेव्हा आप्पांनी 'डेन्मार्कचा मिस्त्री' असं ठरवून टाकलं. तो म्हणे आधी सुतारकाम शिकला, मग कागदावर खुर्च्या काढायला लागला. सागवान वापरायचा, वर चकचकीत पॉलिश नाही, नुसतं तेल. लाकडाचा हात माणसाच्या हाताला कसा भेटतो, यावर तो महिनोन्‌महिने घालवायचा. अशा खुर्च्यांचा आता लिलाव होतो. लोक त्या काचेत ठेवतात.

"आणि पप्पा, ती बैठक दोरीची नाही. कागदाची आहे. पिळलेल्या कागदाची."

मी खाली बसलो. ट्यूशन एरियात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जन्मभर मी कागद विकला, आणि जन्मभर माझा बाप कागदावर बसला होता.

"जितकी जुनी, जितकी वापरलेली, तितकं मोल जास्त," वर्षाराणी म्हणाली. "पुसूसुद्धा नका."

"बघा," माझी बायको आरती मला म्हणाली. "मी दिवाळीत पुसू नका म्हणत होते." ती असं कधीही म्हणाली नव्हती.

मग वर्षाराणीनं अंदाजे किंमत सांगितली. आरतीनं जाऊन गॅस बंद केला. मी वर पाहिलं. छताकडं नाही, छताच्या वर. मला तिथं दुसरा मजला दिसला, जिना दिसला, पोरींच्या कॉटा दिसल्या, आणि उज्वलाताई आपल्या गच्चीवरून मान वर करून बघताना दिसल्या.

आप्पांना विचारलं. त्यांनी पेपर खाली केला.

"मी हाय तवर बसतो. मग इका."

इतकं सरळ बोलणं झालं होतं. मी आप्पांना उठवणार नव्हतो, माझ्या गळ्याची शपथ. नुसते कागद तयार ठेवणार होतो. वर्षाराणीनं मुंबईच्या एका बाईंशी गाठ घालून दिली होती. त्या अशा खुर्च्या जमवतात. फोनवर फार गोड बोलायच्या. खुर्ची उन्हात ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि शक्यतो कोणी बसू नका. शेवटच्या सूचनेवर मी नुसतं हूं म्हणायचो.

"आणि ती तुमच्या वडिलांकडं कशी आली, त्याचा काही कागद?" त्यांनी विचारलं.

अख्ख्या मराठवाड्याचे जातीचे दाखले, टी.सी. आणि मार्कमेमो मी झेरॉक्स केलेत. आमच्या खुर्चीचा एक चिटोरासुद्धा माझ्याकडं नव्हता. होती ती फक्त आप्पांची गोष्ट, आणि ती आम्हाला पाठ होती. देवणी रोडला पूर्वी दूध पावडरीचा एक सरकारी कारखाना निघाला होता. त्याच्या मशिनी बसवायला डेन्मार्कहून हान्सेनसाहेब आले. त्यांची पाठ दुखायची, म्हणून ते घरची खुर्ची बोटीनं सोबत घेऊन आले होते. आप्पा तिथं स्टोअरकीपर. एक वायसर इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. साहेब परत जाताना म्हणाले, बसलिंगप्पा, खुर्ची तुला. आप्पांनी ती एस.टी.च्या टपावर टाकून घरी आणली. "कंडक्टर राहू द्या म्हणला. मी म्हणलं, न्हाई, लगेजचं तिकीट फाड." गोष्ट इथं संपायची, आणि आप्पा आमच्याकडं असे बघायचे, की आम्ही मान डोलावली पाहिजे.

मी हे अमरनाथरावांना सांगितलं. ते म्हणाले, "सोपंय. कारखाना बंद पडला, पण दूध खातं चालू हाय ना? एक अर्ज टाका. सदर खुर्ची सरकारी नसल्याबाबत दाखला मिळणेबाबत."

मी अर्ज टाकला. माझ्याच दुकानात टाईप केला, तीन प्रती काढल्या, स्वतःच्या हातानं पिना मारल्या. कोंबडं स्वतःच सुरी घेऊन खाटकाकडं जातं, तसा मी खात्याच्या लातूरच्या कचेरीत गेलो.

तिथं म्हणाले, दप्तर नांदेडला गेलंय. मी नांदेडला गेलो. नांदेडच्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "लातूरचा माणूस इथं कसा?" विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला यावरून दोन्ही जिल्ह्यांत जे काही झालंय, त्याचा सगळा हिशेब ते माझ्याकडून घेणार असं मला वाटलं. दप्तर होतं, पण ते वाळवीनं खाल्लं होतं. वाळवीनं खाल्ल्याचा दाखला मागितला, तर म्हणाले, तो लातूरहून मिळतो. मी परत आलो. माझ्यामागून माझा अर्जही परत आला, आणि त्यावर नांदेडच्या साहेबांचा शेरा होता, 'स्थळपाहणी करून वस्तू शासकीय असल्यास ताब्यात घ्यावी.'

मी विचारलं होतं, सरकारी नाही ना? सरकारनं माझाच प्रश्न उलटा करून माझ्या घरी पाठवला.

पाहणीला भागवत नावाचे कारकून आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाले, नंतर घेतलं. मग टेप काढून खुर्ची मोजायला लागले. आप्पा खुर्चीतच होते, तर ते आप्पांसकट मोजायला लागले.

"काका, ही कारखान्यातून भाईर आणताना गेटपास घेतला होता का?"

आप्पा ताठ बसले. कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून ते इतकी वर्षं वाट बघत होते, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"घेतला होता म्हंजे? गेटपासाशिवाय मी खिळा सोडला न्हाई कधी."

"सही कुणाची?"

"स्टोअरकीपरची."

"स्टोअरकीपर कोण?"

"मी."

भागवतांनी लिहिता लिहिता मान वर केली. "म्हंजे नेणारे बी तुमी, आन सोडणारे बी तुमीच?"

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या इमानाचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांनी आपल्या हातानं काढून दिला होता, आणि समोरच्या माणसाला त्यात चोरी दिसली होती. असं वाटलं, भागवतांना ढकलत ढकलत नांदेडपर्यंत न्यावं. पण मी काय केलं? मी म्हणालो, "साहेब, अजून थोडा चहा?"

पंचनामा झाला. अमरनाथराव पंच, उज्वलाताईंचे मिस्टर पंच. खुर्चीच्या हातांवर, पाठीवर फीत गुंडाळून लाखेचं सील मारायचं ठरलं. निर्णय होईपर्यंत वापर करू नये.

"काका, जरा उठता का?"

अव्वा एका हाताला, मी एका हाताला. आप्पा उठले. उभ्याउभ्याच त्यांनी पंचनामा वाचायला मागितला, आणि चष्मा लावून सगळा वाचला. "बैठकीला झोळ हाय, ते बी लिहा," ते म्हणाले. "मागून भानगड नको." मग त्यांनी सही केली. जुनी, वळणदार, स्टोअरकीपरची सही.

त्या दिवसापासून आमच्याकडं खुर्च्यांचं प्रदर्शन भरलं. आधी प्लॅस्टिकची. तिचे पाय फाकायचे, आप्पा सावकाश मागं मागं जायचे. मग अमरनाथरावांनी आपली आरामखुर्ची आणली. तिच्यात आप्पा इतके आडवे व्हायचे की दम लागायचा. उज्वलाताईंचा मरून सोफा आला, तो दारातून आत येईना, म्हणून दार काढलं, मग दार परत बसेना. मी ऑफिसची चाकांची खुर्ची विकत आणली. आप्पांनी ताकाचा पेला घ्यायला हात पुढं केला आणि ते पेल्यापासून लांब लांब स्वयंपाकघरात गेले. आरती हसली, मीही हसलो. आप्पाही हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली, आणि ती लवकर थांबेना. शेवटी प्लॅस्टिकचीच खुर्ची, मागं तीन उशा, पायाखाली पाट, असं ठरलं.

कोपऱ्यात फीत बांधलेली खुर्ची होती. मी तिच्यावर चादर टाकली, आप्पांना दिसू नये म्हणून. त्यानं ती जास्तच दिसायला लागली.

गल्लीला विषय मिळाला. येणारा प्रत्येक जण चादर वर करून बघायचा. "चोरीची म्हणे?" कुणीतरी दारात हळूच विचारलं. आमच्या दारातलं हळू बोलणं आतपर्यंत ऐकू येतं, कारण ते दार नीट बसतच नव्हतं. आप्पांनी जुन्या मित्रांना फोन करणं बंद केलं. त्यांचे फोन आले की अव्वाला म्हणायचे, झोपलोय म्हणून सांग. आणि झोप तर त्यांची केव्हाच गेली होती.

आता माझ्या डोक्यातून दुसरा मजला पार उतरला. मला एकच पाहिजे होतं, माझ्या बापाला त्याच्या खुर्चीत बसायची परवानगी. ती घ्यायला मी कचेरीत खेटे घातले. भागवत एकदा म्हणाले, "अहो, बसवा की. कोण बघायला येतंय? मी सांगतो ना, बसवा."

मी धावत घरी आलो. "आप्पा, बसा म्हणालेत."

"लिहून दिलंय?"

"तोंडी सांगितलंय."

"सीलबंद मालाला तोंडी हुकूम चालत न्हाई," आप्पा म्हणाले. बोलताना प्रत्येक दोन शब्दांनंतर ते थांबत होते. "मी बसलो, तर मग खरंच चोर ठरलो की."

त्यांची पावलं सुजायला लागली होती. अव्वा खाली बसून ती चोळायची, आणि माझ्याकडं बघायची नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडायची पद्धत नाही, हा आमच्या घरातला मोठा दोष आहे.

मग मी दुकानात बसून एक पत्र तयार केलं. खात्याचं बोधचिन्ह माझ्या कॉम्प्युटरवर होतंच, माझ्याच अर्जाच्या उत्तरातलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून श्री. बसलिंगप्पा यांना सदर खुर्चीत बसण्यास हरकत नाही.' खाली सही ठोकली. असलं काम मी धंद्यात कधी केलेलं नाही; पोरं मार्कमेमोत खाडाखोड करून द्या म्हणत येतात, त्यांना मी हाकलतो. घामानं माझा शर्ट भिजला होता.

आप्पांनी पत्र हातात घेतलं. वाचलं. उलटं करून बघितलं. अंगठ्यानं कागद चोळला.

"जावक क्रमांक न्हाई ह्याला."

"विसरले असतील, आप्पा."

"सरकार सही इसरतंय, तारीख इसरतंय. जावक क्रमांक न्हाई इसरत." त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "आन कागद तुझ्या दुकानातला हाय. सरकारचा इतका पांढरा नसतो."

मी खाली मान घातली.

"संगू," ते म्हणाले. संगमेश्वरचा मी संगू फक्त त्यांना आणि अव्वाला. "मला म्हणू दे कुणी काय बी. तू नको बाबा असलं करू."

त्यानंतर मी त्यांना बसा म्हणालो नाही.

आप्पा गेले ते सकाळी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. हातात पेपर होता. आरती चहा घेऊन गेली, तिला वाटलं डुलकी लागली. पेपर घसरला, तो त्यांनी सावरला नाही, तेव्हा तिनं मला हाक मारली.

आम्हा लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला की त्याला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. स्नान घालून, विभूती लावून, बसलेल्या माणसाला लोक भेटून जातात, आणि बसलेलाच तो रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत जातो. आमचे मडिवाळप्पा स्वामी आले. त्यांनी आप्पांचे पाय दुमडून घेतले आणि म्हणाले, "पाट आणा, भिंतीला टेकवून बसवू. उशीर नको." आम्ही पाटावर टेकवलं, पण आप्पा एका बाजूला कलायला लागले. धरलं की नीट, सोडलं की कलायचे. लोक येत होते. दोघं-तिघं सूचना देत होते, उशी लावा, पट्टा बांधा, खुंटी ठोका. माझ्या बापाला नीट बसताही येत नाही, आणि सगळी गल्ली ते बघतेय. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. मी कोपऱ्यात गेलो आणि चादर ओढली.

"अरे, सील हाय!" अमरनाथराव ओरडले. ते पंच होते.

मी फीत हातानंच ओढली. तुटेना, तेव्हा दातानं तोडली. लाखेचे तुकडे फरशीवर पडले. कुणीही मधे आलं नाही.

आप्पांना उचलून खुर्चीत ठेवलं. काय सांगू तुम्हाला! ते बसले. मांडी घातलेली असूनही त्या झोळात ते नेहमीसारखे रुतले, पाठ दांड्याला लागली, हात खुर्चीच्या हातांवर गेले, मान किंचित उजवीकडं, पेपर वाचताना असायची तशी. त्यांना बांधायला स्वामी धोतराची पट्टी घेऊन उभे होते. ती लागलीच नाही. डेन्मार्कच्या त्या मिस्त्रीचं नाव मला आजही धड घेता येत नाही, पण तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सवयीनं कानाला लावला, तर मुंबईच्या बाई.

"नमस्कार! मी पुढच्या आठवड्यात हैदराबादला जातेय, वाटेत लातूरला उतरीन म्हणते. खुर्ची आता कोणी वापरत नाही ना?"

"वडील बसलेत," मी म्हणालो.

"अरे देवा! अहो, ती कागदाची कॉर्ड तुटेल. त्यांना उठायला सांगा ना, प्लीज."

आप्पांच्या कपाळावर अव्वा विभूती लावत होती. मी फोन हातात धरून उभा राहिलो. लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो, आणि त्या बाई तिकडून हॅलो हॅलो करत राहिल्या. शेवटी आरतीनं फोन घेतला आणि बंद केला.

भागवतसुद्धा आले. दारात चपला काढल्या, आप्पांना हार घातला, आणि मग त्यांची नजर खाली लाखेच्या तुकड्यांवर गेली.

"मी तोडलं," मी म्हणालो. "लिहा काय लिहायचं ते."

त्यांनी वाकून ते तुकडे गोळा केले, रुमालात बांधले आणि खिशात टाकले. "लई कडक माणूस होता," ते म्हणाले. "मी बसा म्हणलो होतो हो त्यांना." आणि ते बाहेर मांडवात जाऊन बसले.

अंत्ययात्रेसाठी वेगळं विमान बांधलंच नाही. खुर्चीलाच दोन बाजूंनी बांबू बांधले, झेंडू लावला, आणि आप्पा आपल्या खुर्चीत बसून गल्लीतून निघाले. ज्या दारांतून चोरी चोरी झालं होतं, त्या दारांतल्या माणसांनी हात जोडले. रुद्रभूमीत आप्पांना उचलून खाली उतरवलं. खुर्ची टेम्पोतून परत आली. तिच्याबरोबर टेम्पोत मागं मी एकटाच होतो, आणि वळणावर ती सरकू नये म्हणून मी तिचा हात धरून बसलो होतो.

घरी आलो तर सल्ले तयार होते. अमरनाथराव म्हणाले, आता ही घरात ठेवू नये. उज्वलाताई म्हणाल्या, मठाला देऊन टाका. आणखी कोणी म्हणालं, आता सरकारसुद्धा हिला नेणार नाही, तेवढं एक बरं झालं. मडिवाळप्पा स्वामी हातपाय धूत होते. ते म्हणाले, "आपल्यात कसलं आलंय सुतक? न्या आत." मी आणि पुण्याहून येऊन पोचलेल्या वर्षाराणीनं खुर्ची उचलली आणि तिच्या जागी, खिडकीशी ठेवली. दांड्याच्या टोकांना, जिथं आप्पांचे पंजे असायचे, विभूती लागली होती. वर्षाराणीला मी म्हणालो, पुसायचं नाही ना? तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

संध्याकाळी माणसं पांगली. अव्वा आतून आली. रोजच्यासारखी खुर्चीच्या पायाशी खाली बसायला वाकली, अर्ध्यात थांबली. मग तिनं दांड्याला धरलं, वळली, आणि हळूच खुर्चीत बसली. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. ती लहानखोर, त्या झोळात पार आत गेली. पाय जमिनीला टेकेनात. तिनं पाठ मागं टेकली, दोन्ही हात दांड्यावर ठेवले, डोळे मिटले. मला वाटलं, रडेल.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"हितून उठवलास व्हय रे त्यांना?"

मी उभा होतो, तसाच खाली बसलो. खुर्चीच्या पायाशी, तिच्या जागेवर.